पुण्याला जायच्या आदल्या दिवशी

वहिनी, तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. त्यातले नऊ दिवस मी भित्रेपणात काढले. माझ्या दुकानाच्या फोनमध्ये तुझी शेवटची चार मिनिटं आहेत, हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला, दिनेशला ठाऊक होतं. ती पोलिसांना द्यायची की पुसून टाकायची, हे माझ्याने ठरत नव्हतं. एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला माझा सख्खा भाऊ. यात दोन बाजू आहेत असं मला नऊ दिवस वाटत राहिलं, याचीच आता जास्त लाज वाटते.

गावात सगळे म्हणतात, वनिता जिन्यावरून पडली. शेवाळ होतं, पाय घसरला. दादाने तसं सांगितलं, आईने तसं सांगितलं, आणि तुझ्या पूर्वाकडूनही तेच वदवून घेतलं. बारा वर्षांची पोर माझ्याकडे न बघता म्हणाली की मम्मीचा पाय घसरला. मी तिला जवळ घेतलं आणि गप्प बसले. म्हणजे खोटं बोलणाऱ्यांत मीही आलेच.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते. दादा दारू पीत नाही. तुझ्या मातीला आलेले पाहुणे आपापसात म्हणत होते की घेतली असेल जरा जास्त. तसं म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते ना. दादा सुपारीसुद्धा खात नाही. वडप्याच्या गोदामात गेटवर सुपरवायझर आहे. गणपतीत मंडळाची आरती त्याच्यावाचून सुरू होत नाही, आणि कोणाच्या घरी आजारपण आलं तर आधी तो पोचतो. तुला मारायचा तो पूर्ण शुद्धीत. मारून झालं की हात धुवायचा आणि जेवायला बसायचा.

पुण्याच्या सहलीची कल्पना तुझी. आषाढातली दुपार होती, तू पूर्वाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं निमित्त काढून अंबाडीला माझ्या दुकानात आली होतीस. नाक्यावरचं माझं दुकान केवढं, एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि तीन गिऱ्हाइकं आली की चौथ्याने रस्त्यावर उभं राहायचं. तू स्टुलावर बसलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागलीस. पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आलाय, आपण आईंना घेऊन पुण्याला जाऊ, पूर्वाला कात्रजचे साप बघायचेत. बोलता बोलता रद्दीतली एक बिघडलेली झेरॉक्स ओढलीस आणि तिच्या मागे पेनाने लिहिलंस, ‘मी आणि पूर्वा परत येणार नाही.’ मी वाचलं. समोरच्या म्हाताऱ्याचा सातबारा हातात होता, तो उलटाच छापला.

त्या दिवसापासून आपल्या दोन सहली सुरू झाल्या. एक सगळ्यांसाठी. शुक्रवारी पहाटे दिनेशची इको गाडी काढायची, पनवेलवरून पुणे, तुझ्या मावसबहिणीकडे कल्पनाकडे मुक्काम, कात्रज, सारसबाग, शनिवारवाडा, रविवारी दुपारी परत. दादाला सुट्टी मिळणार नव्हती, कारण जोडसुट्टी आली की गोदामात सेलचा माल येतो आणि सगळ्यांच्या रजा बंद होतात. तूच म्हणायचीस, देश फिरायला निघाला की आपण त्याची खोकी भरायला बसतो. तू दुसऱ्या गोदामात पॅकिंगच्या लाइनवर होतीस, तिथे तुझी रजाही नामंजूर झाली होती. तू घरी मंजूर झाली म्हणून सांगितलंस, कारण त्या कामावर तुला पुन्हा जायचंच नव्हतं. आई सोबत येणार म्हणून दादा हो म्हणाला.

दुसरी सहल फक्त आपल्या दोघींची. कल्पना पुण्यात एका दवाखान्यात आया आहे, तिने तिथेच तुझ्यासाठी शब्द टाकला होता. खोली बघून ठेवली होती. रविवारी मी आणि आई गाडीत बसणार आणि तुम्ही दोघी मागे राहणार. आईला काय सांगायचं असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, गाडी घाटात शिरली की सांग, घाटात त्यांना मळमळतं, भांडायला जोर राहणार न्हाय.

किती हसायचो गं आपण. आईने तीन दिवसांच्या भाकऱ्या आणि स्वतःची गोधडी न्यायचा हट्ट धरला. पूर्वाने वहीत काय काय बघायचं ते लिहिलं, त्यात पहिले पाच नंबर सापांचे. खिडकीजवळ कोण बसणार यावरून तिचं आणि आईचं तीन दिवस बोलणं बंद होतं. तू नवी चप्पल आणलीस आणि ती दादासमोर घालून अंगणात चालून दाखवलीस. खोटी सहल तू इतक्या हौसेने ठरवत होतीस, की मलाही मधूनमधून ती खरी वाटायची. तुझं म्हणणंच होतं, खोटं बोलायचं तर पोटभर बोलावं, अर्धपोटी खोटं पचत न्हाय.

आपण दोघी अशा पहिल्यांदा कधी हसलो, आठवतं? तुझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते, अंगाची हळद उतरली नव्हती. मी सतरा वर्षांची. कॉलेजातल्या एका मुलाच्या बाइकवर बसून फाट्यापर्यंत आले आणि ते दादाला कोणीतरी सांगितलं. त्याने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका माझ्या पाठीत बसला, दुसरा बसायच्या आत तू मध्ये आलीस. पट्ट्याचं बक्कल तुझ्या कोपरावर आपटलं आणि हाड उघडं पडलं. नव्या नवरीला मारलं म्हणून दादा क्षणभर थांबला, आणि मग थांबायचं कारण नाही असं त्याला वाटलं असावं. त्या दिवशी तुला जो मार पडला तो माझा होता, वहिनी. मी तो तुझ्या अंगावर सोडून मोरीत लपले.

आणि तू संध्याकाळी कोपराला हळदीचं फडकं बांधून माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "नणंदबाई, आहेर लय भारी दिलात." मी रडत होते आणि हसतही होते. दादाने माझं कॉलेज बंद केलं, तेव्हा शिवणक्लासला जाते असं सांगून मला भिवंडीला कॉम्प्युटरच्या क्लासला धाडणारीही तूच. घरी दाखवायला ब्लाउज तू शिवून द्यायचीस. आज मी चार पैसे मिळवते, लोकांचे अर्ज भरते, ते तुझ्या त्या ब्लाउजांवर.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. तुमच्या लाइनवरच्या एका पोरीच्या अंगाला शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाने हात लावला होता. तू हातातलं खोक्याला टेप मारायचं मशीन त्याच्या तोंडावर हाणलंस. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि अख्खी लाइन उभी राहिली. त्यालाच दुसऱ्या गोदामात पाठवलं. तू मला ते रंगवून सांगत होतीस आणि मी मूर्खासारखं विचारलं, मग घरी का नाही हाणत? तुझा चेहरा पडला. तू म्हणालीस, "तो मानूस माझा कुनी न्हवता, वैजू." महिनाभर तू माझा फोन उचलला नाहीस. मला तेव्हा वाटलं, तू भितेस. आज वाटतं, ते इतकं सोपं नव्हतं. गावातल्या चार शहाण्यांसमोर तू एकदा तक्रारही मांडलीस. त्यांनी तुला आणि दादाला समोरासमोर बसवून चहा पाजला, दोघांना समजूतदारपणाने राहायला सांगितलं आणि पंधरा दिवसांनी दादाने त्या चहाचं उट्टं काढलं. तेव्हा तुझी दोन बोटं मोडली. यावर आपण कधी तरी सविस्तर बोलू असं मी धरून चालले होते.

आता कोंबडीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तुझी ती तांबडी गावठी कोंबडी जिन्याखाली टोपलीत अंड्यांवर बसवलेली होती. अकरा अंडी. गुरुवारी दुपारी मी गोधड्या आणि आईची पिशवी गाडीत ठेवायला आले. दादा फर्स्ट शिफ्टला होता, चारच्या आसपास येणार होता. मी टोपलीत वाकून बघितलं आणि मला एकदम वाईट वाटलं. रविवारी तुम्ही परत आला नाहीत की दादा पहिला राग तिच्यावर काढणार, तिची मान मुरगळणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. मी तुला म्हटलं, हिला मी नेते. तू म्हणालीस, राहू दे. मी म्हटलं, माझी सासू बघेल. तू पुन्हा म्हणालीस, "राहू दे, वैजू. ती हितंच राहू दे." आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, म्हणून तुला जास्त बोलता आलं नाही. मला वाटलं, तुझा जीव तुटतोय पण तू दाखवत नाहीस. मी कोंड्यात अंडी ठेवली, वरून तुझं जुनं लुगडं टाकलं आणि टोपली उचलून गाडीत घातली.

आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की अंड्यांवर बसवलेली कोंबडी हलवत नाहीत. हलवली की ती उठते आणि अंडी गार पडतात. घरच दुसरीकडे जाणार असेल तरच ती टोपली हलते. शेतावरून येणारी सखू मावशी वाटेत भेटली, तिने गाडीत डोकावून थट्टेने विचारलं, काय गं, बिऱ्हाड घेऊन चाललीस की काय? मी हसले. आणि गाडी अंबाडीच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंडी उबवायचं एकवीस दिवसांचं काम हातात घेतलेली बाई घर सोडून जाईल असं कोणाच्या मनात येणार? तू ती कोंबडी मुद्दाम बसवली होतीस, दादाने रोज ती बघावी आणि निश्चिंत राहावं म्हणून. मी ती उचलून आणली. टोपली परत न्यायची की नाही याचा विचार करत मी दुकान उघडलं, समोर चार माणसं उभी होती, आणि मी त्यांचे अर्ज भरत बसले.

दादाची नोकरीच ती आहे. गेटवर उभं राहायचं, आत काय आलं, बाहेर काय गेलं, कुठलं खोकं जागेवर नाही, हे बघायचं. घरी आल्यावर त्याने चप्पल काढायच्या आधी जिन्याखालची रिकामी जागा बघितली असणार.

चारला दहा मिनिटं असताना दुकानाचा फोन वाजला. तुझ्या फोनमध्ये मी ‘झेरॉक्स अंबाडी’ या नावाने होते, कारण दादा तुझा फोन तपासायचा. मी हॅलो म्हटलं, तू बोलली नाहीस. फोन कुठेतरी ठेवला होतास, तांदळाच्या डब्यामागे असावा. दुकानाच्या फोनवर येणारं प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. लोक मागाहून नंबर चुकीचा टाकला म्हणून भांडायला येतात, म्हणून मीच तशी सोय करून घेतली होती.

पहिला आवाज दादाचा. ओरडत नव्हता. "कोंबडी कुठं हाय?"

तू म्हणालीस, वैजूनं नेली, तीन दिवस कोन बघनार तिला. त्यावर तो म्हणाला, "वैजू पन चाललीय ना तुमच्यासंगं?" नंतर पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आहे. कागद फडफडल्याचा आवाज आहे. पूर्वाच्या मार्कशीटा, जन्माचा दाखला, मीच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलेलं सगळं. दादा म्हणाला, "साप बघायला मार्कशीट लागते?"

मी फोन कानाला धरून ओरडत होते, दुकानातली माणसं माझ्याकडे बघत होती आणि तुला माझा आवाज जात नव्हता. गच्चीच्या कामातली उरलेली सळई दाराआड असते, ती त्याने उचलली. सळई अंगावर कशी वाजते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मांसावर एक आवाज होतो, हाडावर दुसरा. तू किंचाळली नाहीस. तू आधी म्हणालीस, "पूर्वा, आत जा, कडी लाव." मग म्हणालीस, "मार. किती मारतोस तेवढं मार. मी जानार." पुन्हा म्हणालीस, मी जाणार. एकदा दादा ओरडला, तेव्हा तू त्याच्या हाताला चावली होतीस. त्याच्या मनगटावर तुझ्या दातांचे व्रण मी नंतर बघितले, तो लांब बाह्यांचे शर्ट घालून फिरत होता. तिसऱ्यांदा तू फक्त ‘मी’ म्हणालीस. पुढचे फटके कसले आहेत ते मी लिहीत नाही, पण त्याने मोजून मारल्यासारखं सावकाश मारलं आणि मधूनमधून तोच प्रश्न विचारत राहिला, कुठं जाणार, कुठं जाणार.

त्यात आणखी एक वाक्य आहे. ते मला पुढे सांगावं लागेल.

दिनेश गाडी कशी चालवत होता ते मला आठवत नाही. कंटेनरच्या रांगेत आम्ही अर्धा तास अडकलो. पोचलो तेव्हा ओट्यावर पाणी मारून झालं होतं. तुला ओसरीत निजवलं होतं आणि तुझ्या अंगावर धुतलेली साडी होती. कानामागून रक्त येत होतं ते मात्र थांबवता आलं नव्हतं. दादा म्हणाला, जिन्यावरून पडली. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला काहीतरी ठाऊक आहे. पण काय ठाऊक आहे ते कळलं नाही. आम्ही तुला त्याच इकोत घातलं, सहलीच्या गोधड्यांवर. आधी भिवंडी, तिथून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तुझा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता, एवढ्यावर मी दोन दिवस काढले. शनिवारी दुपारी डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. कल्पनाचे सारखे फोन येत होते, तिने तुमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या.

दवाखान्यातल्या पोलिसांनी दादाने सांगितलं तेच लिहून घेतलं, शवविच्छेदनाचा अहवाल यायचा राहिला. तुझं शरीर घरी आणलं आणि सगळं रीतीने झालं. रीतीला आपल्याकडे कोणी कमी पडत नाही. मी रोज सकाळी ठरवायची की आज जाऊन फोन देते आणि रोज काही ना काही निघायचं. दिनेश एकदाच बोलला, म्हणाला, तुझा भाऊ आहे, तू ठरव, मी गाडी काढतो. खरं सांगू का, दादासाठी मी थांबले नव्हते. दादासाठी माझ्या मनात तोवर काही उरलं नव्हतं. मी थांबले होते त्या एका वाक्यासाठी.

तुझ्या तिसऱ्या ‘मी’नंतर आईचा आवाज येतो. घाबरलेला नाही, रडका नाही, भाजीत मीठ जास्त नको असं सांगावं तसा. आई म्हणते, "तोंडावर नको रे, उद्या पुन्याला जायचंय तिला."

हे वाक्य मी लहानपणापासून ओळखते. बाबा आईला मारायचे तेव्हा आजी बाहेरून हेच सांगायची. तोंडावर नको, उद्या हळदीला जायचंय. तोंडावर नको, पाहुणे यायचेत. मी आजीच्या पदराआड उभी असायची आणि मला वाटायचं, आजी किती मायाळू. आपल्या घरात एवढीच दया शिल्लक होती आणि सगळ्या बायका ती एकमेकींना पुरवत आल्या. फोन पोलिसांना दिला तर दादासोबत आईही जाणार, सत्तरीला आलेली, गुडघ्यांनी अधू. म्हणून मी नऊ दिवस फोन पदराला बांधून बसले.

नवव्या दिवशी मी पूर्वाला बघायला गेले. आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तुझं नाव न घेता सांगितलं की मला सगळं ऐकू आलं होतं, तिचा स्वतःचाही आवाज आला होता. आईने हात थांबवले नाहीत. तिने विचारलं, कोणाला सांगितलंस? मी म्हटलं, अजून कोणाला नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बापानं मला काय कमी मारलं? मी मेले काय? तिचंच नशीब फुटकं." आणि हातातलं पातेलं उपडं ठेवून म्हणाली, "मी वाचवतच होते गं तिला. तोंड वाचवलं ना." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती थापा मारत नव्हती, वहिनी. तिला खरोखरच तसं वाटत होतं. मला तिची दया आली आणि तिच्या डोक्यात तेच पातेलं घालावं असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, यातलं एकही खोटं नाही.

मी कदाचित त्या दिवशीही तशीच परत आले असते. मी फार शूर नाही, ते तुला माहीत आहे. पण पुढच्या खोलीत दहाव्याच्या तयारीला आलेले पाहुणे बसले होते, पूर्वा त्यांना पाणी देऊन ट्रे घेऊन आत येत होती, आणि तिच्या हातून ग्लास पडला. काच सगळीकडे उडाली. दादा मधल्या खोलीत होता, पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी. त्याने हात उचलला. पूर्वा पळाली नाही. तिने फक्त डोळे मिटले आणि खांदे वर घेतले, हुबेहूब तुझ्यासारखे. आणि मागच्या दारातून आईचा आवाज आला, "तोंडावर नको रे, शाळेत जायचंय तिला."

दादाने तिच्या पाठीत गुद्दा घातला. आवाज न होईल असा. तो हात धुवायला मोरीत गेला.

मी पूर्वाला मनगटाला धरून सरळ पुढच्या खोलीत पाहुण्यांसमोर आणलं. मोठ्याने म्हटलं, पोरगी आईवाचून सुकलीय, दोन दिवस अंबाडीला नेते. दादा टॉवेलने हात पुसत दारात आला. लोकांसमोर दादा नेहमी चांगला. तो म्हणाला, ने ना, तुझीच आहे. पाहुण्यांतल्या एका बाईने भाऊ असावा तर असा म्हणून डोळ्यांना पदर लावला. आम्ही गाडीत बसलो. मी पदरातला फोन सोडून हातात घेतला, दिनेशने ते बघितलं आणि अंबाडीकडे न वळता तो गाडी सरळ पोलीस ठाण्यावर घेऊन गेला.

मी पूर्वाला दिनेशजवळ बाहेर बाकावर बसवलं आणि आत गेले. तिथे एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांना पुण्याचं सगळं सांगितलं, दोन्ही सहली, कागदांचं फोल्डर, कोंबडी. मी नेली, हेही सांगितलं. मग फोन टेबलावर ठेवून चालू केला. चार मिनिटं मी तुझा आवाज दुसऱ्यांदा ऐकला, आणि ह्या वेळी मी मध्ये ओरडले नाही. तिथे लिहायला बसलेल्या हवालदाराने मान खाली घातली होती. रेकॉर्डिंग संपल्यावर मॅडमनी ते मागे नेलं आणि तेवढंच एक वाक्य पुन्हा लावलं. मग विचारलं, पुरुषाचा आवाज तुमच्या भावाचा म्हणालात, मार खाणारी तुमची वहिनी. हा तिसरा, बाईचा आवाज कोणाचा?

मला म्हणता आलं असतं की ओळखू येत नाही. शेजारचं कोणी असेल म्हणता आलं असतं. मला आई दिसत होती, माझ्या तापात रात्रभर उशाशी बसणारी, स्वतःच्या पाठीवरचे वळ झाकून माझी वेणी घालणारी.

"माझी आई," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. म्हणाल्या, हे लिहून घेतलं की मग मागे फिरता यायचं नाही. मी म्हटलं, लिहा. त्यांनी आईचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं. मी रोज दुसऱ्यांच्या अर्जात नावं भरते, तशी अक्षर अक्षर सांगून आईचं नाव भरलं. मग जबाब वाचून दाखवला आणि मी सही केली. सही वाकडी आली.

बाहेर आले तर पूर्वा बाकाच्या कडेला बसली होती, पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. माझा चेहरा तिने बराच वेळ निरखला. मी म्हटलं, चल, काही खाऊन घे. ती उठली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मी कडी लावली न्हवती. मी बघितलंय सगळं. आता सांगू का?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी पुन्हा आत गेलो.